कुर्डुवाडी जंक्शन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न, बार्शी लाईटपासून वेटिंग रूमपर्यंत

कुर्डुवाडीचं नाव काढलं की निम्मे लोक म्हणतात, "हां हां, तिथे गाडी बदलली होती एकदा." तेवढीच ओळख. बाहेरच्या माणसाला हे फक्त गाडी बदलायचं ठिकाण वाटतं, पण त्या गाडी बदलण्यावरच हे अख्खं गाव उभं राहिलंय, आणि ती गोष्ट नीट कुणी सांगत नाही म्हणून आम्हा इथल्या लोकांना जीव तोडून सांगाविशी वाटते. लोक जे सारखं विचारतात ते सगळं एका जागी देतोय, जुनं पण आणि कामाचं पण.

कुर्डुवाडी नक्की आहे कुठे?

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. मुंबई-पुणे-दौंड-सोलापूर या मोठ्या लाईनवर, पुण्याहून रेल्वेने साधारण १८५ किलोमीटर आणि पुढे सोलापूर ८० च्या आत. इथून एक लाईन दक्षिणेला पंढरपूर करून मिरजेला जाते आणि दुसरी वर बार्शी, धाराशिव करून लातूरला जाते, म्हणजे कोकण सोडलं तर महाराष्ट्रातल्या बऱ्याच भागांतली माणसं इथे एकमेकांना भेटतात. मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग.

रोडने येणार असाल तर एक लक्षात ठेवा, पुणे-सोलापूर हायवे गावातून जात नाही, तो टेंभुर्णीवरून जातो, तिथून आत वळायचं.

कुर्डू आणि कुर्डुवाडी एकच का?

नाही. कुर्डू हे जुनं गाव, शेजारीच आहे. कुर्डुवाडी म्हणजे त्याची वाडी. पण रेल्वे वाडीजवळ आली आणि वाडी मूळ गावापेक्षा मोठी झाली, आज नगरपरिषद वाडीची आहे.

जुन्या कागदांवर "बार्शी रोड" स्टेशन लिहिलंय, ते हेच का?

हो, हेच. पूर्वी या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. रेल्वेची ही जुनी पद्धत आहे, लाईन एखाद्या मोठ्या गावातून न जाता लांबून गेली की जवळच्या स्टेशनला त्या गावाचं नाव द्यायचं आणि पुढे "रोड" लावायचं, म्हणजे इथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. लातूरच्या लाईनवर कळंब रोड आणि औसा रोड ही नावं अजून आहेत, तीही तशीच. त्या काळी बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ होती आणि लाईनपासून पस्तीसेक किलोमीटर लांब राहिली होती, त्यामुळे सगळा माल बैलगाडीने या स्टेशनवर यायचा. आजोबांच्या वयाची माणसं बोलताना सहज "बार्शी रोडला उतरलो" म्हणायची आणि लहान मुलांना वाटायचं बार्शीला उतरले.

स्टेशन किती जुनं आहे?

१८५९ चं. मुंबई-ठाणे पहिली गाडी १८५३ ला धावली, म्हणजे त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने पुण्याहून भिगवणजवळच्या डिकसळपर्यंतची लाईन १८५८ ला चालू केली, १८५९ ला ती इथपर्यंत आली, आणि १८६० ला मोहोळ करून सोलापूरला पोचली.

आता यातली खरी गंमत बघा. त्यावेळी बोरघाट फोडून झालाच नव्हता. कर्जत-खंडाळ्याचा घाट १८६३ ला सुरू झाला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं अशी होती की इकडे आपल्या माळावर आगगाडी धावत होती, तिकडे मुंबईहून घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी होती, आणि मधला घाट मात्र माणसं पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढायची आणि वर खंडाळ्याला परत गाडीत बसायची. इकडची इंजिनं, डबे, रूळ हे सगळं सामान त्याच घाटातून वर चढवलेलं. घाटातल्या बोगद्यांविषयी भरपूर लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच पाहिजे, पण घाट व्हायच्या आधीच पलीकडे सोलापूरपर्यंत रेल्वे पोचली होती हे फार थोड्यांना माहीत असतं.

बार्शी लाईट रेल्वे म्हणजे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात आवडतो पण.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर होता. जन्म १८५७ चा, १८८२ ला ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या नोकरीत भारतात आला. मोठ्या रेल्वेला जिथे परवडत नाही तिथे हलकी, स्वस्त, छोट्या गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) रेल्वे टाकायची हे त्याच्या डोक्याने घेतलं होतं, आणि बार्शी ते बार्शी रोड हा तुकडा त्याला त्यासाठी अगदी योग्य वाटला, एका टोकाला भरलेली पेठ आणि दुसऱ्या टोकाला मोठी लाईन. नोकरी सोडून त्याने १८९५ ला लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ ला गाडी चालू केली.

गेज ठेवलं ७६२ मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट. आपली मोठी लाईन १६७६ मिलीमीटरची, तिच्या निम्म्याहून कमी. पण नुसतं अरुंद करणं हे काही त्याचं डोकं नव्हतं, अरुंद रेल्वे जगात आधीपासून होत्या. त्याने काय केलं तर इंजिन असो, डबा असो की मालाचा वाघिणीचा डबा असो, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असं सगळं आखलं. भार सगळीकडे सारखा आणि हलका, त्यामुळे रूळ पण हलके चालतात. दर यार्ड लांबीला, म्हणजे तीन फुटांना, ३० पौंड वजनाचे रूळ टाकले, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मोठ्या लाईनवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात, त्यावरून अंदाज घ्या. रूळ हलके म्हणून खर्च कमी, आणि डबे मात्र लांब, बोगीवाले, भरपूर माल घेणारे. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीकडून घेतली, आठ चाकं जोडलेली, भार वाटून घेणारी. भारतात पाठवायच्या आधी तिकडे लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून सगळ्याची चाचणी पण घेतली होती.

हे इतकं चाललं की जगभरातले हलक्या रेल्वेवाले बार्शीचं नाव घ्यायला लागले. इंग्लंडात १९०४ ला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे निघाली ती याच माणसाच्या हाताखाली आणि याच गेजवर. माळरानावर कापसाच्या गाठी वाहायला काढलेली गाडी आणि तिचा धडा इंग्लंडात गिरवला गेला, नेहमी उलटंच ऐकतो ना आपण. पुढे याच कॅलथ्रॉपने पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातल्या लोकांसाठी पॅराशूट बनवलं, गार्डियन एंजल नावाचं. १९२७ ला तो वारला.

छोटी गाडी कुठून कुठपर्यंत होती?

आधी फक्त कुर्डुवाडी-बार्शी. मग १९०६ ला पंढरपूर. बार्शीच्या पुढे वाढत वाढत १९११ ला लातूर, जे तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, म्हणजे गाडी इंग्रजी हद्दीतून निजामाच्या हद्दीत जायची. आणि १९२७ ला पंढरपूरहून पुढे मिरज. सगळी मिळून २०२ मैल, सव्वातीनशे किलोमीटर. मध्यभागी कुर्डुवाडी. कंपनी खासगीच होती, स्वातंत्र्यानंतर १९५४ ला सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली.

मिरजेला तर एक काळ असा होता की ब्रॉडगेज म्हणजे मोठी लाईन, मीटरगेज म्हणजे मधली आणि नॅरोगेज म्हणजे छोटी, तिन्ही एकाच स्टेशनवर.

दोन गेज असले की माल कसा जायचा?

हाताने. दुसरा मार्गच नाही. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चढत नाही, त्यामुळे लातूरची तूर असो की बार्शीचा कापूस, कुर्डुवाडीला आला की छोट्या डब्यातून उतरवायचा आणि मोठ्या डब्यात चढवायचा. उलट दिशेने मीठ, रॉकेल, लोखंड, कापडाची गठडी, सगळं तसंच. एक एक पोतं, एक एक गाठ. दिवसरात्र.

आमच्या गल्लीत एक आजोबा होते, त्यांची सगळी उमर या कामात गेली. त्यांच्या उजव्या खांद्यावर मानेजवळ एक गट्टू झाला होता, बैलाच्या वशिंडाला जू लागून लागून कातडी कशी घट्ट होते तसा, हात लावला तर टणक लागायचा. पोतं ओढायचा लोखंडी आकडा नेहमी कमरेला. ते सांगायचे की दोन डबे समोरासमोर लावलेले असायचे, मध्ये फळी टाकलेली, पाठीवर पोतं घेऊन फळीवर पाय टाकला की फळी खाली दबते आणि पुढचं पाऊल तिच्या उसळीवर टाकायचं, उसळीच्या विरुद्ध टाकलं की माणूस पोत्यासकट खाली. नवीन पोराला आठवडाभर रिकामंच चालायला लावायचे फळीवरून. हे त्यांनी मला अंगणात पाटावर उभं राहून करून दाखवलं होतं, सत्तरीच्या वयात, आणि त्यांचे गुडघे आपोआप तसे वाकत होते.

गाव कशामुळे वाढलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. हमाल आले, मुकादम आले, गार्ड, ड्रायव्हर, फायरमन, त्यांच्यासाठी खानावळी, त्यांच्या पोरांसाठी शाळा. मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी सगळं कानावर पडायचं. इथे राजवाडा नाही, किल्ला नाही, मोठं देवस्थान नाही. रेल्वे आहे.

छोट्या गाडीत बसल्यावर कसं वाटायचं?

मी ऐंशीच्या दशकात आजीबरोबर पंढरपूरला कितीतरी वेळा गेलोय तिच्यातून. डबा ठेंगणा, खिडकीतून हात काढला तर बाभळीच्या फांद्या लागतील इतकं सगळं जवळ. वेग असा की शेतातला माणूस ओळखीचा निघाला तर दोन वाक्यं बोलून व्हायची. वळणावर गाडी वाकली की आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसायचं आणि डब्यातली सगळी पोरं एका बाजूला गोळा.

आणि कोळसा. पुढच्या डब्यात बसलं की बारीक कण उडून हमखास डोळ्यात. आजी मग पदराच्या टोकाचा बोळा करायची, त्यावर तोंडाने हा हा करून ऊब द्यायची आणि डोळ्यावर धरायची, दोनतीनदा. कण निघो न निघो, बरं वाटायचं. मोडनिंब आलं की डोळा उघडायचा आणि आष्टी गेलं की बायका पिशव्या आवरायला लागायच्या, "आलं पंढरपूर".

नॅरोगेज कधी बंद झालं?

तुकड्यातुकड्याने. कुर्डुवाडी-पंढरपूर ब्रॉडगेज २००१ ला झालं. लातूरच्या बाजूचं काम २००७-०८ ला पूर्ण झालं, आणि पंढरपूर-मिरज त्यानंतर दोनतीन वर्षांनी. रूपांतर करताना एक मोठा बदल केला, जुनी छोटी लाईन येडशीवरून जायची आणि तेव्हाचं उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव शहर बाजूलाच राहायचं, जिल्ह्याचं ठिकाण असून रेल्वे नाही. नवीन लाईन वळवून धाराशिवला नेली. लोकांनी त्यासाठी खूप वर्षं मागणी लावून धरली होती.

छोटी गाडी गेल्याचं वाईट वाटतं का असं विचारतात. वाटतं, खोटं कशाला बोलू. पण लातूरच्या पोराला रात्री बसून सकाळी मुंबईत उतरता येतं आणि कुणाच्या खांद्यावर आता तसा गट्टू होत नाही, हेही खरंय आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे.

लातूरची पाण्याची रेल्वे इथूनच गेली होती ना?

हो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला इतका भयंकर दुष्काळ पडला की शहराला रेल्वेने पाणी पाठवायची वेळ आली. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत लातूरला, ३४२ किलोमीटर. पहिली गाडी १० टँकरची, साधारण पाच लाख लिटर, पुढे ५० टँकर म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. नकाशावर तो रस्ता बोटाने फिरवून बघा, मिरज ते लातूर, ही जशीच्या तशी बार्शी लाईटचीच लाईन आहे, धाराशिवचं वळण सोडलं तर. नॅरोगेज असतं तर एवढी ५० टँकरची गाडी ओढणं शक्यच नव्हतं. गाडी कुर्डुवाडीतून जाताना लोक प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघत होते, टाक्यांच्या झाकणाखालून थेंब थेंब गळत होतं आणि रुळांमधली खडी ओली होत जात होती. एप्रिलमधली ती ओली खडी मी अजून विसरलो नाही.

कुर्डुवाडीचं रेल्वे वर्कशॉप काय आहे?

छोट्या गाडीची इंजिनं, डबे दुरुस्त करायला बार्शी लाईटच्या काळात उभं राहिलं. इथल्या कारागिरांना नॅरोगेजची नस माहीत, त्यामुळे माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची देखभाल पण इथे झालीय. लाईन ब्रॉडगेज झाल्यावर वर्कशॉपचं पुढे काय हा प्रश्न गावाला फार दिवस छळत होता, मग मोठ्या गाड्यांची कामं इकडे आली. गावात कितीतरी घरं अशी आहेत की आजोबा, वडील, मुलगा तिघंही वर्कशॉपला. आत बघायला परवानगी लागते, असंच गेटवर जाऊन उभं राहू नका.

आता कुठल्या गाड्या थांबतात?

टाइमटेबल बदलत असतं त्यामुळे वेळा मुद्दाम लिहीत नाही, रेल्वेच्या १३९ नंबरवर किंवा ॲपवर बघा. पण नेहमीच्या कामाच्या गाड्या सांगतो.

पुण्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेस. नाव कशावरून ते नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, त्यांच्या आठवणीत हे नाव आहे. मुंबईला रात्रभर झोपून जायचं तर सिद्धेश्वर एक्सप्रेस, किंवा लातूरहून येणारी मुंबई गाडी. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि ती कुर्डुवाडीला थांबते, सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी मुंबईहून परत, आठवड्यात एक दिवस नसते. नागपूर-कोल्हापूर गाडी पण इथूनच लातूर-पंढरपूर करत जाते. बाकी दक्षिणेकडच्या लांबच्या काही गाड्या थांबतात, काही सुसाट जातात, तिकीट काढताना थांबा आहे का ते आधी बघा, गृहीत धरू नका.

जनरल तिकिटावर वंदे भारतमध्ये बसता येतं का?

नाही. त्यात जनरल डबाच नाही, रिझर्वेशन लागतंच.

पंढरपूरला जायचंय, कुर्डुवाडीला उतरून कसं जाऊ?

दोन मार्ग, रेल्वे किंवा एसटी. अंतर पन्नासेक किलोमीटर. मिरजेकडे जाणारी गाडी लगेच असेल तर रेल्वेच बरी, स्वस्त आणि हातपाय पसरून बसता येतं. पण या लाईनवर गाड्या मोजक्या आहेत, पुढच्या गाडीला तीनचार तास असतील तर उगाच बसून राहू नका, स्टँडवरून एसटी पकडा, कुर्डुवाडीला एसटीचा स्वतःचा डेपो आहे. मुंबईकरांनी आधी दादरहून पंढरपूरकडे थेट येणाऱ्या गाडीचा वार जुळतोय का बघावं, ती ठरावीक दिवशीच असते आणि कुर्डुवाडीवरूनच जाते, मग बदलायची भानगडच नाही.

आषाढीला काय परिस्थिती असते?

गर्दी. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या, पण आषाढीला स्टेशनचं रूप वेगळंच असतं. रेल्वे स्पेशल गाड्या सोडते, विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून, मिरजेकडून. छोट्या गाडीच्या काळात तर प्रवासी डबे पुरायचे नाहीत तेव्हा मालाच्या डब्यांतून वारकरी जायचे, उभ्याने, टाळ वाजवत.

माझं ऐकाल तर, आषाढीला येताना रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं त्या दिवशीच करा. म्हाताऱ्या माणसाच्या खिशात नाव, गाव आणि घरच्यांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मोबाईलची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही. आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते उतरायच्या आधी ठरवा, "प्लॅटफॉर्मवर" असं नाही, "तिकीट खिडकीच्या समोर" असं नेमकं. दरवर्षी कुणाची तरी आजी हरवते आणि दरवर्षी तेच कारण असतं, सगळे म्हणतात आम्ही पुलाजवळ होतो आणि पुलाला दोन टोकं असतात.

बार्शी, लातूरकडे?

बार्शीला रेल्वे आहे पण एसटी जास्त मिळते. लातूरला रेल्वेच चांगली, रात्रीच्या गाडीची झोप तेवढी मोडते.

तिकीट कसं काढायचं?

खिडकी आहे, जनरल आणि रिझर्वेशन दोन्ही. मोबाईलवर रेलवन ॲपवरून जनरल तिकीट निघतं, पण पेपरलेस तिकीट स्टेशनच्या बाहेर असतानाच काढा, आत आल्यावर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेची पहिली गाडी यापैकी जे नंतर असेल तोवर निघायचं असतं, सकाळी काढून ठेवलेलं तिकीट संध्याकाळी चालत नाही, यावरून टीसीशी वाद घालून उपयोग नाही. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि नॉन-एसीचं अकराला. सोडायला आलेल्यांनी प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, दहा रुपये, दोन तास चालतं.

ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का?

भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे, साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका, फॉर्मवर वय बरोबर लिहा म्हणजे मिळायची शक्यता वाढते.

वेटिंग रूम, खाणंपिणं, पाणी?

वेटिंग रूम आहे, तिकीट दाखवावं लागू शकतं. प्लॅटफॉर्मवर चहा, वडा, भजी, बिस्किटं मिळतात. रात्री दोनतीनला उतरणार असाल तर डबा बरोबर ठेवा, तेव्हा सगळं उघडं असेलच असं नाही. आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली भरूनच गाडीत चढा, एप्रिल-मेमध्ये इकडचं ऊन काय असतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला खिडकीत बसल्यावर कळतं.

स्टेशन अमृत भारत या स्टेशनं सुधारायच्या योजनेत घेतलंय, त्यामुळे एंट्री, पार्किंग, बसायची जागा यात बदल होत राहतात, सहा महिन्यांपूर्वी होतं तिथेच असेल असं धरून शेवटच्या पाच मिनिटांत येऊ नका. व्हीलचेअर लागणार असेल तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात लवकर जाऊन सांगा.

रुळावरून पलीकडे गेलं तर चालतं का, सगळेच जातात?

नाही चालत. पूल वापरा. दंड हजार रुपयांपर्यंत किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की मोठी लाईन आता डबल झालीय आणि वर विजेच्या तारा आल्यात. डिझेलची गाडी लांबून ऐकू यायची, विजेची गाडी जवळ येईपर्यंत कळत नाही. जुनी सवय असलेल्या माणसांनाच याचा जास्त धोका आहे, घरातल्या मोठ्यांना हे परत परत सांगा.

सामान राहिलं, कुणी त्रास दिला तर?

१३९ लावा, तक्रार, सुरक्षा सगळं त्याच नंबरवर. गाडी नंबर, डबा, सीट हे तीन तयार ठेवून फोन करा.

बार्शी लाईटचं आज काही बघायला मिळतं का?

धावणारी छोटी गाडी नाही. तशा गाडीचा अनुभव पोरांना द्यायचा असेल तर नेरळ-माथेरान आहे, तिचं गेज आणखी अरुंद, ६१० मिलीमीटर, आणि त्या गाडीमागे पण कॅलथ्रॉपचा सल्ला होता. कुर्डुवाडीत मात्र अजून अशी माणसं आहेत ज्यांनी ती इंजिनं हाताने पुसली, फावड्याने कोळसा टाकला. संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर चहाच्या गाडीवर बसतात. विचारलं की सांगतात, आणि सांगताना हाताने रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाला वाफ सोडायचा दांडा, ओढून दाखवतात.

स्पेलिंग कुर्डुवाडी की कुर्डूवाडी, ॲपवर सापडत नाही?

मराठीत दोन्ही लिहितात. ॲपवर स्टेशन कोड टाका, केडब्ल्यूव्ही, लगेच येईल. पंढरपूरचा पीव्हीआर, बार्शीचा बीटीडब्ल्यू. बार्शीचं स्टेशन रेल्वेच्या यादीत अजून "बार्शी टाउन" नावाने आहे, बार्शी रोड आणि बार्शी टाउन अशी जोडी होती ना पूर्वी, त्यातलं हे एक राहिलंय.